पहिल्या रांगेतली मधली

लवंगी हे तिचं खरं नाव नव्हे. पण ते इतकं चिकटलं की हजेरीतल्या नावानं कुणी हाक मारली, तर ती स्वतःच मागे वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून. हे नाव ठेवलं रग्बी क्लबच्या कोचबाईंनी, आणि तेही चिखलात उताण्या पडल्या पडल्या.

झालं असं की लवंगी तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेच्या बास्केटबॉल संघातून तिला नुकतंच काढलं होतं. उंची कमी आणि धसमुसळेपणा जास्त, असं दुहेरी कारण. त्याच आठवड्यात कोचबाई शाळेत आल्या. बाई दिवसभर बस डेपोत इंजिनं खोलायच्या आणि संध्याकाळी डेपोमागच्या मैदानावर मुलींना रग्बी शिकवायच्या. अंगापिंडानं भक्कम, नखांत ग्रीस कायमचं. शाळेच्या मैदानात मधोमध उभं राहून त्या म्हणाल्या, "मला कोण पाडून दाखवतं?"

मुली खिदळल्या. एकदोघींनी ढकलून पाहिलं, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. मग ही पुढे झाली आणि तिनं बाईंच्या गुडघ्यांना मिठी मारली. बाई तिला ओढत दहा पावलं गेल्या. ती सुटली नाही. दुसऱ्यांदा वीस पावलं ओढलं, तरी सुटली नाही. तिसऱ्यांदा तिनं खांदा बाईंच्या मांडीला लावला, दोन्ही पाय करकचून आवळले, आणि बाई धप्पदिशी चिखलात आडव्या झाल्या.

"पोरगी आहे का लवंगी मिरची!" आभाळाकडे बघत बाई म्हणाल्या. "शनिवारी सकाळी सातला मैदानावर ये. दातांवर चढवायचं रबर मी देते. दात तेवढे स्वतःचे आण."

घरी तिघंच. वडील रंगारी. इमारतींच्या भिंती, जिने, खिडक्यांचे गज रंगवायचे. आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. मोठ्या रुळातून गरम चादरी काढून तिचे पंजे टणक झाले होते. रग्बी म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. शनिवारी वडील बघायला गेले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "चेंडू अंड्यासारखा आहे. पुढे जायचं म्हणून पळतात आणि फेकताना मागे फेकतात. आणि आपली पोरगी येईल त्याला आडवं पाडते."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "घरात कमी फुटेल."

पुढची तीन वर्षं लवंगीनं तेच केलं. ती फ्लँकर होती. खेळाच्या कडेनं सुटायचं आणि समोरची चेंडू घेऊन निघाली की तिला जमिनीवर आणायचं, हे फ्लँकरचं काम. तिच्या दुप्पट वजनाच्या मुली तिला बघून रस्ता बदलायला लागल्या. पंधराव्या वर्षी तिला व्यावसायिक संघाच्या अकादमीत घेतलं. डेपोमागच्या क्लबमधून तिथे गेलेली ती पहिलीच. कोचबाईंनी त्या दिवशी डेपोतल्या सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून बोलावून सांगितलं. ज्यांना रग्बी हा शब्द उच्चारता येत नव्हता त्यांनाही.

अकादमीत दोन वर्षं गेली. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, रविवारी सामना. बाकीच्या मुली या दोन वर्षांत वेलीसारख्या वाढल्या. लवंगीची उंची मात्र जी थांबली ती थांबलीच. सतराव्या वर्षी अकादमीच्या संचालकांनी तिला खोलीत बोलावलं. काचेचं टेबल, त्यावर तिच्या नावाची फाईल. संचालक माणूस वाईट नव्हते. त्यांनी आधी तिचं कौतुक केलं, आणि तेव्हाच तिला कळलं की आता आपलं काही खरं नाही.

"तुझ्या जिद्दीला तोड नाही," ते म्हणाले. "पण वरच्या पातळीवर फ्लँकर म्हणून तुझी उंची कमी पडेल. पुढच्या वर्षी आम्ही तुला ठेवू शकत नाही."

तिनं विचारलं, "उंची सोडून काय कमी आहे?"

संचालकांनी फाईल उघडली. धावणं, ताकद, दम, पाडणं. पानं पुढे मागे केली. "उंची सोडून... तसं काही नाही."

"म्हणजे फ्लँकर म्हणून कमी आहे."

"हो. फ्लँकर म्हणून."

घरी येऊन ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडली. आईनं गॅस बंद केला, शेजारी उभी राहिली आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. मग आई म्हणाली, "रडून घे पोटभर. पण त्यांनी नाही म्हटलं म्हणून तू सोडणार असशील तर तसं सांग. आणि तू स्वतः नको म्हणत असशील तर तसं सांग. दोन्ही एकच नव्हे."

"मी नको म्हणत नाहीये," लवंगी हुंदके देत म्हणाली.

"मग नाक पूस आणि कोचबाईंकडे जा."

कोचबाई बसखाली झोपून काम करत होत्या. लवंगीनं सगळं सांगितलं ते बाईंच्या बुटांना. बराच वेळ खालून पान्ह्याचा आवाज आला, मग बाईंचा. "मधली हो."

"काय?"

बाई सरपटत बाहेर आल्या. "स्क्रममध्ये दोन्हीकडच्या आठ आठ जणी डोकी भिडवून रेटतात, बरोबर? त्यात पहिल्या रांगेत मधे जी असते ती. तिला उंची नको. ठेंगणीच बरी. मान हवी बैलासारखी, ती तुझी आहे. आणि चेंडू रेषेबाहेर गेला की तो आत फेकायचं कामही मधलीचंच. त्याला नेम हवा."

"माझा नेम?" लवंगी म्हणाली. बास्केटबॉलच्या बाईंनी तिला नेमावरूनही काय काय ऐकवलं होतं ते तिला आठवलं.

"तुझा आणि नेमाचा छत्तीसचा आकडा आहे, मला माहितेय," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आजपासून लागायचं."

काम सांगायला सोपं होतं. दोन्ही संघांच्या मुली रेषेपासून आत दोन रांगांत उभ्या राहतात. आपल्यातल्या एकीला दोघी मांड्यांना धरून वर उचलतात, आणि वर गेलेल्या त्या हातांत चेंडू पडला पाहिजे. दोन्ही हात डोक्यावरून, बोटांनी फिरकी देऊन, दोन रांगांच्या बरोबर मधून. जरा वाकडा गेला की पंचांची शिट्टी, आणि चेंडू समोरच्यांना. फेकायचा तो कधी जवळचीला, कधी मधोमध उभी असेल तिला, कधी पार शेवटचीला. शेवटचीपर्यंत पोचवणं सगळ्यात अवघड.

क्लबमध्ये आठवड्यातून दोनदा सराव. तेवढ्यानं काय होणार? बाकीचे दिवस ती भिंतीवर फेकायची. एका सकाळी वडील कामावर निघताना थांबले. शिडी खांद्यावर होतीच.

"भिंत झेलत नाही," ते म्हणाले. "केवढं उंच लागतं?"

तिनं हात करून दाखवलं. त्यांनी घराजवळच्या गोदामामागच्या बोळात शिडी उघडली, चार पायऱ्या चढले आणि दोन्ही हात वर केले. "टाक."

पहिला चेंडू शिडीखालून गेला, दुसरा बोळाच्या पलीकडे. तिसरा सरळ वडिलांच्या नाकावर.

"बाबा! लागलं का?"

"नाही, कौतुक केलं त्यानं," वडील नाक चोळत म्हणाले. "पुन्हा टाक."

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास. वडिलांना रग्बीचे नियम शेवटपर्यंत कळले नाहीत, पण हा एक चेंडू मात्र त्यांना कळायला लागला. शिडीवरून ते सांगायचे, "डावा अंगठा आधी सुटतोय तुझा." किंवा, "आज घाई आहे का कुठली? हाताला सांग, रंगाचा हात फिरवतो तसा फिर, शेवटी झटका नको." लवंगीनं शाळा संपल्यावर त्यांच्याबरोबरच काम धरलं होतं. छत रंगवताना दिवसभर हात डोक्यावर, मान मागे. तिचे खांदे असे भरले की आईला तिच्या सदऱ्यांच्या शिवणी उसवाव्या लागल्या.

तरीही मधली म्हणून पहिला सामना खेळली तेव्हा नऊपैकी पाच चेंडू वाकडे गेले. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "मधली बदला!" कोचबाईंनी बदलली नाही. क्लब सामना हरला. मुली कपडे बदलून गेल्या, तरी लवंगी मैदानावर होती. बाई चेंडूंची जाळी घेऊन आल्या आणि तिच्या पायाशी ओतली. "पाच वाकडे टाकलेस ना? ते पाच कुठून फेकलेस, तिथून प्रत्येकी वीस."

दीड वर्षानं, एकोणिसावं वर्ष संपताना, बसनं तीन तासांवरच्या मोठ्या शहरातल्या दुसऱ्या एका व्यावसायिक संघानं खुली चाचणी ठेवली. सत्तर मुली आल्या. लवंगीनं दहापैकी नऊ चेंडू नेमके हातात दिले, तेही कधी न बघितलेल्या मुलींच्या. स्क्रममध्ये तिच्यासमोरची दोनदा मागे सरकली. संध्याकाळी मुख्य प्रशिक्षिकेनं नावं वाचली. मधलीच्या जागेसाठी दोन नावं होती, तिचं नव्हतं.

सगळ्या पांगल्यावर ती प्रशिक्षिकेसमोर जाऊन उभी राहिली. उंच, करड्या केसांची बाई, गळ्यात शिट्टी.

"मी कितवी होते?"

प्रशिक्षिकेनं तिच्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न तिला सहसा कुणी विचारत नसावं. "तिसरी."

"मग मी सरावाला आले तर चालेल? निवडू नका. नुसती येते. स्क्रमला समोर कुणीतरी लागतंच ना ढकलायला?"

"कुठून येशील?"

लवंगीनं गावाचं नाव सांगितलं.

"तीन तास लागतात तिथून."

"बसमध्ये बसायचंच असतं," लवंगी म्हणाली. "बस चालवायची थोडीच आहे."

प्रशिक्षिका हसली नाही, पण म्हणाली, "मंगळवार आणि गुरुवार. दुपारी दोनला."

मग तो एक सबंध हंगाम. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी बस, दुपारी सराव, संध्याकाळी बस. उरलेले दिवस वडिलांबरोबर रंगकाम. सरावात तिला जाड गादी हातात देऊन उभं करायचे आणि बाकीच्या तिच्यावर येऊन आदळायच्या. पहिला महिनाभर तिला कुणी नावानं हाकही मारली नाही. "ए गादी" म्हणायच्या. ती आधी लवंगी होतीच, आता गादी झाली. पण स्क्रमचा सराव संपला की ती निवडलेल्या दोघींपैकी मोठीजवळ जायची आणि विचारायची, तू पाय कुठे ठेवतेस, हात कधी आवळतेस. मोठी बत्तीस वर्षांची होती, मानेवर जुन्या टाक्यांची खूण. एकदा ती म्हणाली, "तुला कळतंय ना की तू माझ्याच जागेवर डोळा ठेवून मला विचारतेयस?"

"कळतंय."

"बरं. मग डावा पाय आणखी चार बोटं मागे घे."

हंगामाच्या शेवटी शेवटी दोघींतली धाकटी गुडघा दुखावून बसली. शुक्रवारी दुपारी लवंगी एका जिन्याला रंगाआधीचं अस्तर देत होती तेव्हा फोन आला. प्रशिक्षिका म्हणाली, "उद्या राखीव म्हणून बसशील? बूट घेऊन ये." लवंगीनं हो म्हटलं, ब्रश डब्यात ठेवला आणि पायरीवर खाली बसली. वडील वरून विचारत राहिले, "काय झालं? अगं, काय झालं?"

शनिवारी वीस मिनिटं उरली असताना मोठीचे पाय भरून आले आणि लवंगीला आत पाठवलं. संघ चार गुणांनी मागे होता. पहिलाच चेंडू आत फेकायची वेळ आली. हात घामानं ओले झाले होते. चेंडू सुटला तेव्हाच तिला कळलं. वाकडा गेला. शिट्टी.

लवंगीनं मान खाली घातली नाही. पुढची स्क्रम आली तेव्हा तिनं समोरचीच्या खांद्यात खांदा घातला आणि आठही जणींनी मिळून त्यांना चार पावलं रेटत नेलं. चेंडू पुन्हा बाहेर गेला, तोही समोरच्यांच्या गोलरेषेजवळ, आणि आत फेकायचा होता तो यांनी. कप्तान रांगेत उभी राहून तिच्याकडे बघत होती. सोपं म्हणजे जवळचीला देणं. कप्ताननं खूण केली ती शेवटचीची.

लवंगीनं सदऱ्याला हात पुसले. डावा अंगठा चेंडूवर दाबून धरला. घाई केली नाही. चेंडू सहा जणींच्या डोक्यांवरून गेला आणि शेवटचीच्या ओंजळीत बसला. ती खाली येते न येते तोच सगळ्या तिच्याभोवती कडं करून रेटत निघाल्या, त्यात लवंगीही होती, आणि चेंडूसकट सगळा ढीग गोलरेषेपलीकडे कोसळला. पाच गुण. खालून कुणाचा तरी आवाज आला, "ए गादी, पाय काढ माझ्या तोंडावरून!"

तो सामना त्यांनी एका गुणानं जिंकला. पुढचे दोन हरले. त्या दोन्हींत ती खेळली. हंगाम संपला तेव्हा प्रशिक्षिकेनं तिला दोन वर्षांचा करार दिला. आईनं तो जेवणाच्या टेबलावर पसरून बोट ठेवून ठेवून वाचला, प्रत्येक कलम दोनदा, आणि एका जागी थांबली. "इथे उंची लिहिली आहे तुझी. दोन बोटं जास्त लिहिली आहे."

"चुकलंय म्हणून मी त्यांना सांगितलं होतं," लवंगी म्हणाली. "प्रशिक्षिका म्हणाल्या, राहू दे, आम्हाला त्याचं काम नाही."

वडिलांनी सही करायला स्वतःचा पेन दिला. त्याला रंग लागला होता आणि तो चालेना. मग आईनं दुसरा आणला.

सोमवारी तिला मोठ्या शहरात राहायला जायचं होतं. पण सामन्यांच्या धावपळीत त्या जिन्याला रंगाचा दुसरा हात द्यायचा राहून गेला होता, आणि घरमालकाला शब्द दिलेला होता. शनिवारी आणि रविवारी बाप-लेकीनं मिळून तो पुरा केला. वरच्या मजल्यावरची एक आजी दार उघडून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, एवढ्या उंचावर हात पोचतो का गं तुझा?"

"पोचतो, आजी," लवंगी म्हणाली आणि शिडीची आणखी एक पायरी चढली.