घरघंटी आली तेव्हा

ठाण्याला धाकट्या नणंदेकडे पहिल्यांदा घरघंटी बघितली, तेव्हापासून मला ती हवी होती. म्हणजे बावीस वर्षं. तिने माझ्यासमोर वाटीभर तांदूळ वरून टाकले आणि थोड्या वेळात पिठी काढून ताटात ठेवली. मी घरी आले आणि साडीसुद्धा न बदलता फ्रीज आणि कपाटामधली जागा टेपने मोजली. बरोब्बर बसत होती.

नवरा म्हणाला, "कशाला? मी आहे ना."

आमचं लग्न एकाच ऑफिसातलं, त्यामुळे अरे-तुरे पहिल्यापासूनच आणि वादावादीही. पण इथे वाद घालायला जागा नव्हती. स्वयंपाकघरातलं त्याला काही म्हणजे काही येत नाही. चहा करतो तो पाणचट आणि भेंडी आणतो ती जून. दळण मात्र त्याचं. दर रविवारी सकाळी स्टीलचा डबा पिशवीत घालून तो मुलुंडच्या आमच्या सोसायटीतून पार बाजारातल्या गिरणीपर्यंत चालत जायचा. जवळ दुसरी गिरणी होती, पण तिथे म्हणे ज्वारीवर गहू टाकतात. ह्याला गव्हावर गहूच हवा. आपल्या आधी कुणाचं काय दळलंय ते बघणार, पीठ चिमटीत धरून जाडं-बारीक ठरवणार आणि मग आठ किलोंचा गरम डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढणार. लिफ्ट आमच्याकडे नाही. मी पेपर पसरून पीठ निवत घालायची आणि तो बाजूला उभा राहून माझ्या तोंडाकडे बघायचा, कौतुक होतंय का ते. मी करायची नाही. एकदा केलं की दर रविवारी करावं लागलं असतं.

दिवाळीत भाजणीच्या वेळी मी हमखास विषय काढायची. "मी असताना मशीन कशाला?" हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी मीच नाद सोडला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यानंतर पोळ्या बिघडल्या. तव्यावर फुगेनात, डब्यात चामट व्हायच्या. मी घरबसल्या गिरणीवाल्याचा उद्धार केला. "काहीतरी मिसळतोय मेला. सांग त्याला." तो म्हणायचा, "सांगतो." पीठ आता गरमही नसायचं. विचारलं तर म्हणाला, गर्दी असते, डबा ठेवून येतो आणि संध्याकाळी आणतो. मी मान डोलावली. ज्याला पस्तीस वर्षांत वाढदिवसाची साडी दोन दिवस लपवता आली नाही, तो काही लपवत असेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

आणि मग एका गुरुवारी सकाळी बेल वाजली. दारात दोन घामाघूम माणसं आणि त्यांच्यामध्ये भलंमोठं खोकं.

"चुकीच्या घरी आलात," मी म्हटलं.

"मॅडम, पत्ता हाच आहे. तीन मजले चढवलंय. आता खाली नाही नेणार."

मी आवाज चढवणार, तेवढ्यात नवरा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. "घे गं आत. तुझीच घरघंटी आहे."

तेव्हा मी काय बोलले ते आठवत नाही. रडले एवढं आठवतं, तेही त्या परक्या माणसांसमोर. त्यांना चहा पाजला, बेसनाचे लाडू दिले. कमरेएवढी, पांढरीशुभ्र, खाली चाकं आणि जाड-बारीक दळायच्या जाळ्यांचा वेगळा संच. वरचं झाकण नीट बसवणं आजही त्यालाच जमतं. पहिलं दळण गव्हाचं काढलं. त्या पिठाची पोळी टम्म फुगली तेव्हा मी ती तव्यावरून उचलून त्याला दाखवायला बाहेर घेऊन गेले.

"पण आत्ताच का घेतलीस?"

"तुला हवी होती ना?"

"बावीस वर्षं हवी होती."

"मग? घेतली की आता."

चार दिवस मी बिल्डिंगभर मिरवले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची भाजणी दळून दिली, वर नवऱ्याचं कौतुकही ऐकवलं. सोमवारी बाजारात गेले तेव्हा मुद्दाम गिरणीकडे वळले. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, आता आम्हाला तुमची गरज नाही. दोन, गेले दोन महिने तुम्ही जे पीठ दिलंत त्याची लाज वाटायला हवी.

दोन्ही सांगून झाल्या. गिरणीवाल्याने हात पुसले.

"काकी, काका अडीच महिने आलेच नाहीत इथे. मला वाटलं, गावी गेलात." मग बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "शेवटचे आले तेव्हा डबा उचलला आणि तिथेच बसले. अर्धा तास. शर्ट भिजला होता सगळा, छातीवर हात. रिक्षा बोलवतो म्हटलं, तर नको म्हणाले." त्याने जीभ चावली. "घरी सांगू नका असंही म्हणाले होते. आत्ता आठवलं."

घरी येताना कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं. हो, काका पिठाची पुडी नेतात, एका वेळी एकच किलोची. गेटवर वॉचमन भेटला. त्यानेच आपणहून सांगितलं की साहेबांनी दिलेला गहू चांगला निघाला. म्हणजे डबा भरून खाली न्यायचा, गहू वॉचमनला द्यायचा आणि मग रोज फिरून येताना एकेक पुडी आणून माझ्या नकळत डब्यात ओतायची, असा सगळा बेत.

आधी मला संताप आला. मग लाज वाटली. हा जिन्यात थांबत थांबत वर येत होता आणि मी चामट पोळ्यांवरून त्याला टोमणे मारत होते. आणि मग 'मी असताना मशीन कशाला' म्हणणाऱ्या माणसाने मशीन का आणलं ते कळलं. सरळ सांगते, मी घाबरले. जिन्यात कठडा धरून उभी राहिले.

वर आले तर घरघंटी चालू होती. तो शेजारी स्टूल घेऊन बसला होता. मी काहीतरी बोलले, त्याने ऐकू येत नाही अशी खूण केली. मी प्लगच काढला.

"गिरणीत जाऊन आले."

तो घरघंटीचं झाकण उघडून आत बघायला लागला.

"दम कधीपासून लागतोय?"

"मेपासून. थोडासाच. थांबलं की जातो."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मग काय देवळात नेऊ?"

त्याने जाळ्यांची पिशवी उघडली, परत बंद केली. त्याच्या मोठ्या भावाला दोन वर्षांपूर्वी असाच दम लागायचा. तपासणीसाठी म्हणून तो हॉस्पिटलात गेला आणि चौथ्या दिवशी त्याला घरी आणलं ते अँब्युलन्समधून, नेसवायला धोतर काढून ठेवा असा फोन आधी करून. तो फोन माझ्या नवऱ्याने घेतला होता.

"दादा चालत गेला होता गं," तो म्हणाला. "स्वतःच्या पायांनी. वॉर्डात सगळ्यांची चेष्टा करत होता."

त्याचे डोळे भरले होते. पस्तीस वर्षांत मी त्याला दोनदाच असं बघितलं होतं. मी त्याच्या खांद्यावरचं पीठ झटकलं, खुंटीवरचा शर्ट काढून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "मग आपण चालत नको जाऊया. रिक्षाने जाऊ."

तो हसला नाही. पण उठला आणि बटणं लावायला लागला. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि माझ्यादेखत, काही न लपवता, कठड्याला टेकून त्याने दम खाल्ला. मी त्याच्या शेजारी थांबले.