भाऊंचा तारांकित प्रश्न

मागच्या मंगळवारी मी थोड्या वेळासाठी मंत्री झाले. वाशीमला, भाऊंच्या पडवीत, कूलरसमोर बसून...

भाऊ म्हणजे आमचे माजी आमदार. ते विधानसभेत होते तोवर त्यांचं सगळं टायपिंग माझ्याकडे होतं. पत्रं, लक्षवेधी सूचना, सभागृहात मंत्र्यांना विचारायचे तारांकित प्रश्न... आता वय झालंय, आणि मधली बरीच वर्षं त्यांना आठवतच नाहीत.

सकाळीच त्यांच्या सुनेचा, वर्षाताईचा फोन आला. "नसरीनदीदी, तुमी याच. बाबा कालपासून जेवून नाही राह्यले. प्रश्न पाठवला नाही म्हणतेत."

कोणता प्रश्न ते मला लगेच कळलं. आसेगावकडच्या एका नाल्यावर पूल नव्हता. पावसाळ्यात पलीकडच्या मुलींची शाळा बंद व्हायची, आणि बऱ्याच जणींची मग कायमचीच.

भाऊंनी दर अधिवेशनात विचारलं. दर वेळी छापील उत्तर यायचं, 'हे अंशतः खरे आहे' आणि खाली 'प्रश्न उद्भवत नाही'. उद्भवत कसा नाही मेला, म्हणून मी टाइपरायटर बडवायचे!

पुढे भाऊ निवडणूक हरले. पूल त्यानंतर झाला, फलकावर नावं दुसऱ्यांची लागली. भाऊंच्या डोक्यात मात्र तो नाला अजून भरून वाहतोय...

मी वही घेऊन बसले. अंगणात कडुनिंबाचा फुलोरा गळत होता, पडदा हलत होता. भाऊ डोळे मिटून सांगायला लागले... हे खरे आहे काय... असल्यास... नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत... माणसाला नातवाचं नाव आठवत नाही, पण एक स्वल्पविराम चुकला नाही हो!

प्रश्न लिहून झाला. मग मी घसा खाकरला आणि मंत्री झाले. "हे खरे आहे. पूल पूर्ण झाला आहे."

भाऊंनी एक डोळा उघडला. "मंत्री इतकं सरळ बोलत नसते बाई. खोटं हाय हे."

घ्या! वर्षाताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला मात्र रडू यायला लागलं, कारण ताट तसंच झाकून पडलं होतं.

शेवटी वर्षाताईने गाडी काढली, आम्ही तिघं निघालो. पाहणीसाठी समिती निघालीय असं सांगितलं, तेव्हा कुठे भाऊ चपला घालायला तयार झाले. रस्ताभर खिडकीतून नांगरलेली काळी वावरं बघत होते, मधूनच अर्धवट झोपेत कोणाला तरी नमस्कार करत होते...

नाला कोरडा ठणठणीत. तरी पुलाच्या तोंडाशी आल्यावर भाऊंनी धोतर वर धरलं आणि पाऊल चाचपून टाकलं. मग दुसरं टाकलं. पाय ओले होईनात, तसे ते पुलाच्या मधोमध थांबले.

तेवढ्यात पलीकडच्या गावाकडे निघालेली एक मुलगी सायकलवर आली. भाऊंनी हात वर केला. "अध्यक्ष महोदय, उपप्रश्न... काय वं बाई, कितवीत हायेस?"

"नववीत, आजोबा. पेपर देऊन आली."

"पावसाळ्यात जातं का शाळेत?"

तिने आमच्याकडे बघितलं. आजोबांना झालंय तरी काय, असा चेहरा. "जातो ना. काहून नाही जाणार?" आणि घंटी वाजवत निघूनही गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत भाऊ बघत राहिले. मग कठड्यावर टेकले, सभागृहात बोलून झाल्यावर खाली बसायचे तसे. "माझं समाधान झालं, अध्यक्ष महोदय." आणि जरा वेळाने, "वर्षा, भाकर हाय का वं घरी?"

घरी येऊन दीड भाकर खाल्ली, वांग्याच्या भाजीसोबत.

उद्या त्यांना यातलं काही आठवणार नाही, ठाऊक आहे. मी इतकी वर्षं त्यांचे प्रश्न टाइप केले, पण उत्तर मिळाल्यावर भाऊ कसे दिसतात ते मंगळवारी पहिल्यांदा बघितलं... अल्लाहचे लाख शुक्र.