ह्यांना बघायला आलेली माणसं

ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्याच संध्याकाळी समोरच्या काकू बघायला आल्या. ह्यांच्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाहेरचं लई खायचे काय ओ?"

मी अजून हातातली औषधांची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. "नाही ओ," म्हटलं.

"असं कसं? उगंच होतंय काय?"

त्यांचं ते 'उगंच' मला तेव्हा लागलं, ते अजून लागलेलंच आहे.

माझ्या नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी, पंखे, मिक्सर, जळालेलं सगळं तिथं येतं. एका सकाळी तार गुंडाळता गुंडाळता त्यांना घाम फुटला आणि जबडा दुखायला लागला. त्यांना वाटलं, दाढ असेल. शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं त्यांचं तोंड बघितलं आणि काही न विचारता रिक्षात घातलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम बघते. फोन आला तशी स्कूटी काढली. दवाखान्यात पोचले तोवर ह्यांना आत घेतलं होतं.

स्टेंट टाकून डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? "माझ्या जेवणात काही चुकलं का?" का विचारलं कुणास ठाऊक. बाईच्या तोंडी ते तयारच असतं.

डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, "वडील कशानं गेले यांचे?"

"हार्टनंच. चाळिशीही झाली नव्हती म्हणतात."

"मग जेवणाचं काय घेऊन बसलात? रक्तातच आहे. सख्खे भाऊ असतील तर त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. लवकर."

सख्खा भाऊ एकच, माझा दीर. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं. मान हलवली, खिशातून मोबाईल काढला आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून जिन्याकडे गेला. फोन वाजला नव्हता.

मग घरी माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे पुण्याचं काम समजतात आणि चहा घेतल्याशिवाय ते पुरं होत नाही. मी कारखान्यातून रजा घेतली होती ती नवऱ्याची काळजी घ्यायला, आणि दिवसभर करत होते काय, तर चहा. बाहेरच्या खोलीत कॉटवर हे पडलेले. कोपऱ्यात खुर्चीवर माझ्या सासूबाई, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. आणि समोर सतरंजीवर गोल करून बसलेली माणसं, चहात खारी बुडवून तेलकट किती वाईट ते सांगणारी.

"हल्ली घराघरात पिझ्झा, बर्गर. बायकांना वेळ कुटं हाय?"

"नोकरी करणाऱ्या बायका, त्यांचं तरी काय चुकतंय म्हणा."

मी दारात ट्रे धरून उभी असताना हे चाललेलं असायचं. चुकतं म्हणायचं आणि नाही चुकत असंही म्हणायचं. मी ट्रे खाली ठेवायची आणि आत जाऊन दुसरं आधण ठेवायची. माझ्या हातांना काहीतरी आपटायचं असायचं. आपटलं काहीच नाही. कपांचे कान तुटले असते तर तेही माझ्याच नावावर गेलं असतं.

टेंभुर्णीहून ह्यांचे मामा आले ते येताना हायवेवरून गरम वडापावचं पार्सल घेऊन आले. "तुमच्या घरात आज स्वयंपाकाचं कसं असंल, म्हणून म्हणलं घेऊन जावं," म्हणाले. आणि हिरवी मिरची चावत चावत ह्यांना सांगायला लागले, "जावईबापू असते तर मी बोललो नसतो, भाचा हायस म्हणून सांगतो. जीभ आवरायला शिक."

हे कॉटवरून बघत होते. त्यांना त्या वासानं भूक लागली होती, मला दिसत होतं. त्यांच्या ताटात बिनमिठाचा दुधी होता.

पण सगळ्यांत जास्त मला राग यायचा तो दिराचा. दवाखान्यातून आल्यापासून तो एकदम व्यायामवाला झाला होता. आयुष्यात कधी गल्लीच्या टोकापर्यंत चालत न गेलेला माणूस. आता रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की आमच्याकडे यायचा, मोबाईल कॉटला टेकवून उभा करायचा आणि भावाला शिकवायचा. तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये वाळू भरून घरीच डंबेल केलेत म्हणे. खुर्ची धरून बैठका, भिंतीला टेकून बसणं, सतरंजीवर पालथं होऊन कोपरांवर अंग तोलणं.

"वैनी, जिमची गरजच न्हाई. सगळं घरात होतंय. दादानं हे आधी केलं असतं ना..."

"भावजी, डॉक्टरांनी तुम्हाला तपासून घ्यायला सांगितलंय. गेलात का?"

"मला काय झालंय? बघा की," म्हणून पोटावर मूठ मारून दाखवायचा.

एकदा तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि फळीवरचा पिझ्झाचा खोका घेऊन बाहेर गेला. तिथं काकू होत्या, आणखी दोघी होत्या. "हे बघा," म्हणाला, "अजून खोके निघायलेत घरातनं." हसत म्हणाला. सगळ्या हसल्या. काकूंनी माझ्याकडे चोर सापडल्यासारखं बघितलं.

मी खोका हातातून घेतला आणि उघडून सतरंजीवर ठेवला. आत कडक भाकरी होत्या. मुलीच्या वाढदिवसाला एकदा पिझ्झा आणला होता, त्याचा खोका अव्वांनी टाकू दिला नव्हता. कडक भाकरीला बरोबर मापाचा आहे म्हणून ठेवून घेतला होता. काकूंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चांगली झालीय म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी सात-आठ जण जमले होते. मामा परत आले होते, दुकानाशेजारचा हार्डवेअरवाला होता, काकू होत्याच. बोलता बोलता विषय निघाला, कुणाला कशाची भीती वाटते. काकूंना पालीची. पाल दिसली की त्या रात्रभर लाईट चालू ठेवतात. मामांना लिफ्टची; पुण्याला लेकीकडे गेले की आठ मजले जिन्यानं चढतात. हार्डवेअरवाला एवढा दांडगा माणूस, त्याला इंजेक्शनची. प्रत्येकाचं झालं की सगळे खळखळून हसत होते. मग मामा वळले.

"आन तुला रं? त्या टायमाला भ्या वाटलं का?"

सिनेमा कसा होता विचारावं तसं विचारलं.

"नाही, तसं काही नाही," हे म्हणाले.

मी दारात उभी होते. घरी आल्यापासून हा माणूस न्हाणीघराची कडी लावत नव्हता. आत पडलो आणि दार उघडता आलं नाही तर, म्हणून. ते आत असेपर्यंत मी बाहेर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत उभी राहायची, म्हणजे त्यांना माझ्या बांगड्यांचा आवाज यावा. घडी घातलेले कपडे मोडून परत घालायची. हे आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही. आणि ही माणसं पालीवर हसत होती.

तेवढ्यात दीर उठला. "भीती ही सगळी मनाची असती. शरीर मजबूत ठेवलं की भीती न्हाय," म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या वर करून खोलीच्या मधोमध बैठका काढायला लागला. माणसं मोजायला लागली. मामा टाळ्या वाजवत होते. त्याचा चेहरा लाल झाला, मानेवरच्या शिरा फुगल्या, आणि तो धापा टाकत म्हणाला, "दादा, हे रोज केलं असतंस... आन वैनींनी बाहेरचं बंद केलं असतं..."

मला काय झालं मला माहीत नाही. मी ट्रे टीव्हीवर ठेवला.

"भावजी, तुमच्या बाबांनी कधी पिझ्झा खाल्ला होता?"

त्याच्या बैठका थांबल्या.

"सांगा की. कुठल्या गाड्यावर वडापाव खायचे ते? ज्वारीची भाकरी खाणारा माणूस, दिवसभर मागावर उभा राहणारा, त्याला का झालं? डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय रक्तात आहे म्हणून. तुम्ही ऐकलंत आणि खोटा फोन काढून पळालात. आता इथं बैठका काढून कुणाला दाखवताय? उद्या तुम्ही माझ्या सतरंजीवर पडलात तर तेही माझ्याच जेवणानं झालं म्हणतील ही लोकं!"

"बस कर," हे म्हणाले.

"का बस करू? रोज माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, मीच नवऱ्याला मारायला निघाले होते असं बोलतात. ज्याला बोलायचं असेल त्यानं दवाखान्याच्या बिछान्यावर झोपून बोलावं."

एक-एक करून सगळे उठले. काकू चपला शोधताना पुटपुटत होत्या, "आमी मेलं काळजीनं येतो." मामांनी पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेले. दीर सगळ्यांत शेवटी. त्याला अजून धाप लागलेली होती.

हे म्हणाले, "काय गरज होती? अव्वासमोर बाबांचं काढायची?"

मी कप गोळा केले आणि मोरीत नेऊन घासायला बसले. थोड्या वेळानं अव्वा आत आल्या, भिंतीला धरून माझ्याजवळ पाटावर बसल्या. मला वाटलं, आता ह्या बोलतील. मी तयार होते.

त्या म्हणाल्या, "मला बी असंच म्हणलं हुतं."

"काय?"

"तुजे सासरे गेले तवा. माज्या शेंगाचटणीत तिखट लई असतंय, त्यानं छाती जळाली म्हणले. सासू म्हणली, नणंदा म्हणल्या. धा वर्सं मी चटणी कुटली न्हाई."

गहिवर यायला हवा होता. मला राग आला, आणखी जास्त.

"मग हे सगळं तुम्हाला माहीत होतं. आणि इतके दिवस त्या खुर्चीवर बसून तुम्ही ऐकत होतात? एक शब्द बोलला नाहीत?"

"भ्या वाटतंय की."

"कशाचं?"

"रक्तात हाय म्हणलं की दोगं बी पोरं त्यात येत्यात. जेवणाचं म्हणलं की नीट जेवू घालून वाचिवता तरी येतंय."

नळ चालू होता, तो मी बंद केला. पण राग गेला नाही. त्यांना भीती वाटत होती, दिराला भीती वाटत होती, सगळ्यांची भीती मी एकटीनं माझ्या स्वयंपाकघरात का सांभाळायची?

त्या रात्री जावेचा फोन आला. मला वाटलं भांडायला केला. ती रडत होती. "अक्का, बरं झालं तुम्ही बोललात. ते झोपतच न्हाईत. अंधारात बसून मनगट धरून नाडी मोजत असतात. मी विचारलं की ओरडतात." मी तिला काय सांगणार? म्हटलं, घेऊन जा त्यांना.

तो तिचं ऐकेना. शेवटी अव्वा गेल्या. सकाळी नऊवारी नेसून, रिक्षा करून, त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि ऑफिसला निघालेल्या दिराला त्याच रिक्षात बसवलं. तपासणीत हृदयाची एक नळी बरीच अरुंद झालेली निघाली. स्टेंटची गरज पडली नाही, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी जोराचा व्यायाम बंद करून फक्त चालायला सांगितलं. त्यानं मला काही कळवलं नाही. माफी वगैरे तर सोडाच. हे मात्र बातमी ऐकून बराच वेळ कॉटवर डोळे मिटून पडून होते. मग उठून स्वतःच्या हातानं पाणी घेऊन प्यायले.

दिराच्या घरी लोक जमायला लागले तेव्हा मी एका संध्याकाळी अव्वांना घेऊन गेले. तिथं जावेच्या माहेरकडची माणसं होती आणि आमच्या समोरच्या काकूही येऊन बसल्या होत्या. चहा चालला होता. एक बाई जावेला सांगत होती, "मोबाईलवर बघून कुणी व्यायाम करतंय का ओ? त्यानंच झालं. तुम्ही आवरायला पायजे हुतं." जाव ट्रे धरून दारात उभी होती. तिची मान खाली होती.

अव्वा रागावल्या की कानडीत बोलतात. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साकु." सगळ्यांना कळलं तरी त्यांनी मराठीत परत सांगितलं, "पुरे झालं. चा झाला की? मग उठा आता. पोराला झोपू द्या."

माणसं उठली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जावेनं माझा हात धरला, तिला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. मला काही हसू आलं नाही. माझ्या घरी, त्या खुर्चीवर बसून, हेच दोन शब्द ह्या बाईला एकदाही का बोलता आले नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पदर खोचला आणि जावेच्या हातातले उष्टे कप घेऊन आत गेले.