भोंग्याचे टॉन्सिल

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे भोंगा म्हणत. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीत झोपलेलं पोर दचकून उठावं. घरीही तोच सूर. बायकोने तोंड उघडायच्या आत त्याचं बोलून झालेलं असे. पण वर्षातून चार-पाचदा घसा धरायचा, टॉन्सिल लिंबाएवढे सुजायचे, ताप चढायचा आणि भोंगा बंद. गोळ्या घेऊन उठायचा, पुन्हा आडवा व्हायचा.

शेवटी घशाचे डॉक्टर म्हणाले, "काढूनच टाकू. आमच्याकडे आता रोबोट आलाय."

भोंग्याचा घसा तिथेच निम्मा बरा झाला. बाजारभर त्याने दवंडी पिटली, "माझे टॉन्सिल रोबोट काढणार! माणसाचा हातही लागायचा नाही!"

ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झाल्यावर त्याला वर प्लास्टिक गुंडाळलेले यंत्राचे हात दिसले. डॉक्टर मात्र कोपऱ्यात एका खोक्यापाशी जाऊन बसले होते.

"तुम्ही तिकडे कुठे?"

"इथूनच करायचं. मी बोटं हलवणार, तसे ते हात हलणार."

"म्हणजे काढणार तुम्हीच?"

"मग काय तो आपल्या मनाने काढेल?"

भोंगा हिरमुसला. आणखी काही विचारणार, तोच भूल चढली.

शुद्धीवर आला तेव्हा घशात निखारे. वर डॉक्टरांची तंबी: जखम भरेपर्यंत अळीमिळी गुपचिळी.

घरी बाजारची माणसं भेटायला येऊ लागली. कुणीतरी बोलायला हवं म्हणून बायको बोलली. आधी चाचरत, मग रंगात येऊन. पहिल्या खेपेला रोबोटने वाकून "दादा, दुखतंय का?" असं विचारलं. पुढच्या खेपेला त्याला डोळे उगवले. नंतर तर डॉक्टर बाहेर चहा पीत होते. ती स्वतःही सगळा वेळ बाहेरच बसली होती, हे कुणाच्या मनातही आलं नाही. भोंगा दोन्ही हातांनी नाही-नाही करायचा.

"बघा, अजून कळा येताहेत," म्हणत ती त्याच्या तोंडात थंड दुधाचा चमचा सारायची.

घसा बरा झाला, पुन्हा कधी धरला नाही. कामावर रुजू होताच भोंग्याने ठणकावून सांगितलं, "टॉन्सिल डॉक्टरांनीच काढले!"

"राहू दे रे," हमाल हसला. "तू भुलीत होतास. वहिनींना सगळं माहीत आहे."

संध्याकाळी घरी गेला तर दारात चपलांचा ढीग. आत बायको रंगात आली होती; रोबोट नुकताच हातमोजे चढवत होता. भोंगा गुपचूप मागे जाऊन बसला.