साड्यांखालचा कागद

आमच्या रत्नागिरीत आंब्याच्या बागेवर गुरखा ठेवायची एक रीत आहे. दिवाळीच्या सुमारास नेपाळातून माणूस येतो. आधी त्याचा कागद घ्यायचा, मग त्याला चहा द्यायचा. कागद म्हणजे त्याची नागरिकता, फोटो लावलेला सरकारी दाखला. तो मालकाच्या कपाटात गेला की मोहोरापासून शेवटची पेटी भरेपर्यंत गुरखा कुठे हलत नाही. ऐन हंगामात एखादा निघून गेला तर बागेत वानरांचं राज्य. माझ्या सासऱ्यांनी हेच केलं आणि त्यांच्या मागे आम्हीही तेच करत होतो. आमच्या गुरख्याचा कागद माझ्या लोखंडी कपाटात साड्यांखाली असायचा, बिस्किटाच्या पुड्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

आणि मी कोण, तर कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई. तिसऱ्या वर्षाला अमेरिका असते. ती मी जरा आवाज चढवूनच शिकवते. पश्चिमेकडे सरकत जाणारी सीमा, मूळच्या लोकांना हुसकावून बळकावलेली जमीन, प्रत्येक नव्या प्रांताच्या वेळी तोच वाद, की इथे गुलाम ठेवायचे की नाही, आणि तो वाद शेवटी यादवी युद्धापर्यंत कसा गेला. फळ्यावर नकाशा मी स्वतः काढते. मुलं म्हणतात, मॅडम अमेरिकेला लागल्या की मागच्या बाकावरचेही जागे होतात. हे कौतुक मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मी चिठ्ठीबद्दल सांगत होते. गुलामाला मळ्याबाहेर पाऊल टाकायचं तर मालकाच्या सहीची चिठ्ठी लागे. वाटेत गस्तवाले अडवत. चिठ्ठी नसली तर फटके.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. तिच्या वडिलांचे मासेमारीचे दोन ट्रॉलर आहेत. ती सहज म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे पण खलाशांची आधार कार्डं अब्बा ठेवतात. कपाटात, कुलपात."

वर्ग हसला आणि मी भडकले. गुलामांचा बाजार भरायचा, आईच्या कुशीतलं पोर तोडून विकायचे, तुमच्या खलाशाला पगार मिळतो, पावसाळ्यात तो घरी जातो, इतिहासात शब्द जपून वापरायचे असतात. पाच मिनिटं तरी मी तिला झापलं असेल. माझं म्हणणं चूक नव्हतं, आजही मी तेच म्हणेन.

ती शांतपणे म्हणाली, "मी गुलाम नाही म्हटलं, मॅडम. मी फक्त कपाट म्हटलं."

तेवढ्यात तास संपला. मला बरंच वाटलं.

स्कूटरवरून घरी येताना मात्र ते कपाट डोक्यातून जाईना. आठवड्यापूर्वीच आमचा गुरखा दारात उभा राहिला होता. गावाकडे त्याच्या मुलीला सोळा वर्षं पूर्ण झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी तिची नागरिकता हवी आणि ती काढायला बापाने आपला कागद घेऊन हजर राहायला हवं. "मॅडम, फॉर्म की तारीख निकल जाएगी. पंधरा दिन की छुट्टी," असं तो म्हणाला होता. आणि मी मोहोराकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "मे महिन्यात बघू." तो "जी" म्हणाला आणि गेला. फटके नाहीत, आरडाओरडा नाही. एका "बघू"त एका मुलीचं वर्ष मी बुडवायला निघाले होते.

घरी आल्यावर हातपायही न धुता मी कपाट उघडलं. कागद पहिल्यांदाच नीट पाहिला. त्यांची लिपी आपलीच, वाचायला काही अडचण नव्हती. गाव, जन्मसाल, बापाचं नाव आणि त्याचं स्वतःचं नाव. आमच्याकडे सगळ्या बागांतल्या सगळ्या गुरख्यांना एकाच नावाने हाक मारतात. आमच्याकडच्या त्याच्या तिसऱ्या हंगामाला त्याचं खरं नाव मला कळत होतं. गुलामांना मालक आपल्या सोयीची नावं कशी द्यायचे, यावर मी दर वर्षी अर्धा तास बोलते. मला माझीच लाज वाटली. कपाट उघडंच टाकून मी कागद घेऊन ओटीवर आले.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, तेव्हापासून पूर्णवेळ बागायतदार. त्यांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दे देऊन. पण वानरं हाकायला अमेरिकेतून कोण येणार नाय हां," एवढंच म्हणाले. शेजारचे बागायतदार काका मात्र कुंपणाशी येऊन बजावून गेले, "गो बाय, कागद दिलास तर पाखरू उडालं म्हणून समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला, खिशात घातला आणि संध्याकाळची गाडी धरली.

पुढच्या तासाला मी वर्गात माझं कपाट सांगून टाकलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यालाच मी इतकी वर्षं इतिहास म्हणत होते, असं म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, "अब्बांशी भांडण काढलंय मी. चालू आहे."

पंधरा दिवस झाले, महिना झाला, गुरखा आला नाही. फोन लागेना. काका कुंपणावरून नुसते मान हलवायचे. आम्ही नवराबायको पत्र्याचे डबे बडवत कातळावर धावत होतो. यांचा गुडघा सुजला, माझा घसा बसला, आणि वानरांनी दोन कलमं साफ केली. मला त्याचा राग यायचा, नाही कशाला म्हणू? मग वाटायचं, त्याच्या मुलीचं काम झालं असेल तर दोन कलमं गेली तर गेली. पण झालं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

हंगाम संपला, पावसाळाही गेला, आणि पुढच्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी फाटक वाजलं. पाहते तर तोच. म्हातारी आई आजारी पडली, फोन हरवला, नंबर त्यातच होते, असं सांगत त्याने पिशवी खाली ठेवली. मग एका कागदाची झेरॉक्स माझ्यापुढे धरली. मुलीची नागरिकता. नर्सिंगला लागली होती. कागदावर तिचं नाव होतं, त्याखाली बापाचं नाव आणि बापाच्या कागदाचा नंबर. तो नंबर नसता तर तिचा कागद झालाच नसता, आणि तो नंबर माझ्या साड्यांखाली पडून होता.

मी डोळे पुसले. तोवर त्याने रीतीप्रमाणे आपला मूळ कागद काढून माझ्यापुढे केला होता, बिस्किटाच्या त्याच प्लास्टिकसकट.

"आधी चहा," मी म्हटलं. आणि पहिल्यांदाच त्याला त्याच्या नावाने हाक मारून म्हटलं, "कागद खिशात ठेव."