घरी न्यायची सही

शेवटच्या दिवसांतले आजारी ठेवतात त्या धाराशिवच्या केंद्रात आजाऱ्यांचं करणाऱ्या मावशी नसत्या, तर माझ्या भित्रेपणापायी माझे वडील, आण्णा, तिथंच गेले असते. बाहेर मेलेल्याला आमच्यात घरात घेत नाहीत, म्हणून आण्णांना जीव असतानाच गावी बेंबळीला पोचायचं होतं. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या कागदावर सही मी करायची होती. सातवीत शाळा सोडलेल्या मला जबाबदारी म्हटलं की पोलीसच दिसतात.

"वाटंत काही झालं तर मला धरतील का हो?"

आण्णांचे ओठ ओल्या कापसानं पुसत मावशी म्हणाल्या, "घरी मरणं गुन्हा असता तर तुमचं आख्खं गाव आत असतं. करा सही!"

आण्णा हसले. त्यांना घरात चार दिवस मिळाले.

भीतीच्या भरात मी मावशींचं नावसुद्धा विचारलं नाही. सुरतेच्या कामावरून सुट्टी मिळाली की केंद्रात जाईन, त्यांना खुर्चीत बसवीन आणि दिवसभर त्यांचे आजारी मी सांभाळीन.