राखेनं काढलेला ओघळ

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून गोठ्याकडे जायचो, पारावर निघाला की चष्मा पुसत बसायचो. आता ग्रामपंचायतीत पुढच्या पाच वर्षांचा आराखडा पुन्हा ठरायचा आहे, आणि मागचा नकाशा माझ्या हातचा आहे. तो चुकीचा आहे. चूक नजरेची नव्हती, म्हणून लिहितो.

तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ग्रामसभेचं काही लिहायचं म्हटलं की गाव माझ्याकडे बघायचं. अक्षर चांगलं, आणि गुरुजी खोटं लिहिणार नाहीत हा भरवसा. मोताळ्याहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी सांगितलं, आधी गाव जमिनीवर काढा, मग आधी काय करायचं ते ठरवा. मारुतीच्या देवळासमोरची जागा झाडून घेतली. बायकांनी रांगोळीनं रस्ते काढले, पुरुषांनी उभ्याउभ्या त्यांच्या चुका काढल्या. कुणीतरी सरपंचांचं घर देवळापेक्षा मोठं काढलं, त्यावर बराच वेळ हसणं चाललं.

मग खालच्या वस्तीतली एक म्हातारी पुढे आली. जन्मभर लोकांच्या शेतात निंदण केलेली, माझ्याही शेतात. तिच्या वस्तीतली विहीर होळीनंतर कोरडी पडायची आणि बायका उन्हातून लांबून पाणी आणायच्या. रांगोळी संपली होती. ती घरी जाऊन चुलीतली राख पदरात घेऊन आली. वाकून रेघ ओढण्याऐवजी ती चालायलाच लागली. मुठीतून राख सांडत होती आणि तिच्या मागं रेघ उमटत होती. टेकडीपासून निघाली, शाळेमागून वळली. नजर खाली नव्हतीच. एका जागी थांबून म्हणाली, "इथं बाभूय होती. तिले वळसा घालून पाणी खाली उतरे." मग एकदम डावीकडे गेली आणि तिच्या वस्तीतल्या विहिरीपाशी मूठ झटकली.

प्रशिक्षक बाई हातातली वही मिटून बघत राहिल्या. मी तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, फळ्यावर नद्या काढल्या. पण जमीन पाण्याला कशी वाट देते, ते मला त्या दिवशी समजलं. एका निरक्षर बाईच्या पायात आख्खं शिवार होतं. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून आठवतो.

आणि त्याच काट्यासोबत भीतीही आली. त्या रेघेचा मधला तुकडा माझ्या शेतातून जात होता. मीच तो ओघळ ट्रॅक्टरनं माती ओढून बुजवला होता आणि वर सोयाबीन पेरत होतो. गाव विसरलं होतं. म्हातारीनं शेत कुणाचं ते सांगितलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग प्रत्येकानं तुरीचा एकेक दाणा घेतला आणि जिथलं काम आधी व्हावं तिथं ठेवला. देवळाच्या सभामंडपावर थोडे पडले, रस्त्यावर थोडे. बाकी सगळे राखेवर. वरच्या आळीतले लोक, ज्यांच्या नळाला पाणी येत होतं, तेही वाकून राखेवर दाणा ठेवत होते. ओघळ मोकळा करायचा आणि खाली बंधारा घालायचा, हे गावाचं पहिलं काम ठरलं. मीही तिथंच दाणा ठेवला. सगळे बघत होते.

दुपारी देवळाच्या ओट्यावर बसून मी तो नकाशा कागदावर उतरवला. माझ्या शेताच्या बांधाशी, धुऱ्यापाशी पेन थांबलं. शेतातून सरळ जाणारी रेघ मी धुऱ्याच्या कडेनं वाकवली आणि पलीकडच्या पडीक जमिनीतून खाली नेली. दोन बोटांचा फरक. संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी आणि पायांनी अंगणातली राख पुसून टाकली. उरला तो माझा कागद.

निघताना म्हातारीनं विचारलं, "गुरुजी, माहा ओघय आला का कागदावर?"

"आला, माय," मी म्हणालो.

काम झालं, माझ्या रेघेवर. बंधारा उभा राहिला आणि पावसाळाभर कोरडा राहिला. पुढच्या होळीला विहीर पुन्हा आटली. पारावर लोक तिची थट्टा करायचे. एकानं तर माझ्यासमोर तिला टोकलं, "काय व बुढे, तुहं पाणी रस्ता चुकलं का?" ती डोक्यावरची घागर सावरत म्हणाली, "पाणी नाही चुकत रे बाप्पा. मीच चुकली असन. वय झालं." मी तिथंच बसलो होतो. चष्मा पुसत होतो. त्यानंतर ती कधी ग्रामसभेला आली नाही.

दोन वर्षांनी भादव्यात एका सकाळी टेकडीवर ढगफुटीसारखा पाऊस झाला. मी शेतात पोचलो तेव्हा सोयाबीनच्या मधोमध पाणी उतरत होतं. शाळेमागून आलं, बाभळीच्या जागी, जिथं आता बुंधाही नाही, तिथं वळलं आणि एकदम डावीकडे गेलं. तिनं चालून दाखवलं तसंच, पाऊल न् पाऊल. माझं पीक वाहून जात होतं आणि मी धुऱ्यावर हात जोडून उभा होतो. पाण्याला की तिला, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. ती दारात डाळ पाखडत होती. मी तोंड उघडण्याआधीच ती घरात गेली. पुराचा गाळ विहिरीत उतरला होता, म्हणून लांबून आणलेल्या पाण्याचा तांब्या भरून तिनं माझ्यासमोर ठेवला. "घ्या गुरुजी, उन्हाचे आले." मी ते पाणी प्यालो. सगळा तांब्या. मग सोयाबीनचं नुकसान झालं म्हणून तीच हळहळली. मी तसाच उठून आलो.

हिवाळ्यात तिची मुलगी तिला आपल्या गावी, बीबीला घेऊन गेली. ती तिकडेच वारली.

परवा मी ग्रामपंचायतीत लिहून दिलं, माझ्या शेतातून ओघळ मोकळा करा. सरपंच म्हणाले, गुरुजी, मन मोठं तुमचं. आता हा कागदही त्यासोबत जोडणार आहे. पण तांब्या खाली ठेवून तिच्या दारात जे बोलायचं होतं, ते कुठल्या कागदाला जोडू? ते एवढंच होतं: माय, तू चुकली नव्हतीस. ओघळ तू दाखवलास तिथंच होता. मी वाकवला. मला माफ कर.